आजीला ठाऊक आहे. पण ते सांगायचं कुणी?

पत्र :

सप्रेम नमस्कार. मी नागपूरची. नोकरी सांभाळून अलीकडे कथा लिहायला लागले आहे. एक कथा वर्षभर माझ्या मागे लागली आहे. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर मुलगा आणि सून विकतात आणि मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला येतात. म्हाताऱ्या आजीला मात्र सांगतात, की घराची दुरुस्ती चालू आहे, झाली की परत जाऊ. नातवालाही तेच सांगितलेलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, म्हणजे ईडापीडा घालवायला पुतळ्यांची मिरवणूक. त्या दिवशी आजी म्हणते, मला मारबत पाहायला घरी न्या. सगळ्यांची धांदल उडते. आणि ऐन निघताना आजीच म्हणते, पाय दुखते, राहू द्या, टीव्हीवर पाहू. कथेची शेवटची ओळ : ‘आजीला सारे ठाऊक होते.’

पहिल्यांदा ही कथा मी सुनेच्या तोंडून ‘मी’ म्हणून लिहिली. सासरच्यांना वाटेल, ही आपलीच गोष्ट चव्हाट्यावर मांडते. म्हणून ‘मी’ काढून ‘सुनंदा’ केलं आणि पुन्हा लिहिली. आता आमच्या वाचनगटातली मैत्रीण म्हणते, कोण सांगतंय तेच कळत नाही. एका दिवाळी अंकाकडून ‘निवेदन घसरते’ एवढा शेरा मारून कथा परत आली. प्रथमपुरुष घेऊ की तृतीयपुरुष? सगळ्यांच्या मनातलं सांगायचंच नाही का? मुलगा रजिस्ट्री ऑफिसात सही करतो तो प्रसंग मला फार प्रिय आहे. सुनेकडून सांगितलं तर तो हातचा जाईल. आणि नागपुरी बोली किती ठेवायची? पूर्ण कथा सोबत जोडली आहे, सुरुवातीचा परिच्छेद इथे देते.

‘सकाळी आजीने देवपूजा केली. तिला महालातल्या घराची फार आठवण येत होती. दिलीप पेपर वाचत होता, पण त्याचे लक्ष नव्हते. आपण आईला फसवले हे शल्य त्याला खात होते. सुनंदा चहा गाळत होती. महालातल्या घराचे वीजबिल अजून सासऱ्यांच्या नावाने यायचे आणि सासूबाई ते स्वतःच्या हाताने फाइलला लावायच्या. आज त्यांनी बिलाचे विचारले तर काय सांगायचे, या विचाराने ती घाबरली. छोटूला मात्र आजी आज उदास आहे असे वाटले. आई बिचारी भोळी आहे, दिलीपच्या मनात आले.’

– एक वाचक, नागपूर

उत्तर :

ताई, नमस्कार.

कथेत जीव आहे. निघायच्या तयारीत दारात उभी असलेली म्हातारी आयत्या वेळी ‘राहू द्या’ म्हणते आणि खोटं बोलणाऱ्या आपल्याच माणसांची लाज राखते, हा प्रसंग तुम्हाला सापडला आहे. असा प्रसंग रोज सापडत नाही. तेव्हा ही कथा सोडू नका. घोळ प्रसंगात नाही, सांगणाऱ्यात आहे, आणि तो सुटण्यासारखा आहे.

प्रथमपुरुष की तृतीयपुरुष, हे सगळे आधी विचारतात. शाळेच्या व्याकरणातून ते आपल्या डोक्यात बसलं आहे. पण तो नंतरचा प्रश्न. आधी एका कागदावर एवढंच लिहून काढा, की तुमच्या कथेत कोणाला काय माहीत आहे आणि कधीपासून.

दिलीपला माहीत आहे, घर गेलं. सही त्याचीच. सुनंदालाही पहिल्या दिवसापासून माहीत आहे. छोटूला काहीच माहीत नाही. आजीला माहीत आहे. पण तिला माहीत आहे, हे घरात कोणालाच माहीत नाही. या शेवटच्या वाक्यावर तुमची सगळी कथा उभी आहे. घर विकलं हे गुपित वाचकासाठी गुपित नाही, ते पहिल्या पानावर कळलं तरी काही बिघडत नाही. आजीचं गुपित खरं. ते वाचकाला कसं आणि कधी कळावं, यावर निवेदक ठरतो.

म्हणून पहिला निर्णय सोपा आहे. आजीच्या मनात शिरायचं नाही. एकदासुद्धा नाही. ‘तिला घराची फार आठवण येत होती’ हे तुमचं दुसरंच वाक्य आहे, आणि तिथेच तुम्ही अडचणीत आलात. आम्ही वाचक आता आजीच्या मनात बसलो. जी गोष्ट तिला रात्रंदिवस सलते आहे, घर गेलं आणि पोरगा आपल्याशी खोटं बोलतो, ती मात्र आम्हाला दिसत नाही. ती तुम्ही शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवली. मग शेवट वाचून हलायला होत नाही, उलट वाटतं की लेखिकेनं आपल्याला फसवलं. ज्याच्या मनात वाचकाला नेलं, त्याला जे सलतं आहे ते वाचकाला कळायलाच पाहिजे. हा नियम मी फार कडक मानते. रहस्यकथा लिहिणारेसुद्धा तो मोडताना दहादा विचार करतात.

आजीच्याच मनातून ही कथा लिहिता येणार नाही का? येईल. पण मग तिला ठाऊक आहे हे पहिल्या ओळीत सांगावं लागेल, आणि कथा वेगळी होईल : ठाऊक असून ती गप्प का राहते? ती कथाही चांगली होऊ शकते. तुमची मात्र ती नव्हे. तुम्हाला म्हातारी बाहेरून दिसली आहे.

उरले तिघे. छोटूचा मोह तुम्हाला होईल, कारण काही न कळणारं पोर सांगू लागलं की वाचकाला त्याच्या डोक्यावरून पलीकडचं दिसतं. करून पाहा :

‘बिल आलं की आजी चष्मा लावून आजोबांचं नाव वाचायची. मोठ्यानं. आजोबा नाहीत, तरी बिल त्यांच्याच नावानं यायचं. इकडे आल्यापासून बिलच नाही आलं. मी आईला विचारलं तर आई म्हणाली, तू अभ्यास कर.’

चार ओळी गोड वाटतात. दहा पानं पेलणं कठीण. पोराच्या तोंडी मोठ्यांचे शब्द येऊ लागतात, नाहीतर त्याचा बाळबोधपणा लाडिक होत जातो. शिवाय छोटूच्या हातून या घरात काहीच घडलेलं नाही. तो खोटं बोललेला नाही, त्याला काही गमवायचं नाही. तो नुसता पाहतो. पाहणारा निवेदक असू नये असं मी म्हणत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) गावात नवखा आलेला मास्तर सांगतो, आणि कादंबरी त्याच्यापेक्षा त्या वाडीची आहे. पण मास्तर त्या वाडीत गुंततो, तिच्या भल्याबुऱ्यात त्याचा हात असतो. छोटूचा तसा कुठे आहे?

दिलीपला अपराध वाटतो हे खरं, आणि अपराधी माणूस सांगू लागला की कथेला धार येते. पण तो दिवसभर बाहेर. आजी काय करते, काय विचारते, काय विचारायचं टाळते, हे त्याला दिसणारच नाही. संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या अपराधाबद्दलच तो बोलत राहील आणि आजी मागे पडेल.

माझं मत सुनंदाच्या बाजूचं आहे. ती दिवसभर आजीसोबत आहे. रोजचं खोटं तीच निभावते; दिलीप एकदा बोलून मोकळा झाला, सुनंदाला ते रोज दुपारी नव्यानं बोलावं लागतं. ते घर तिचं माहेर नव्हतं, म्हणून ते विकताना तिला दिलीपइतकं लागलं नसेल. आणि लागलं नाही याचंही तिला काही वाटत असेल. पण तिला निवडण्याचं खरं कारण दुसरंच. या कथेत जिचं ‘माहीत असणं’ बदलतं ती एकटी सुनंदा आहे, निदान असू शकते. सुरुवातीला तिला वाटतं, सासूबाईंना काही कळलेलं नाही. शेवटी तिला कळतं, की त्यांना सगळं कळलं होतं. दिलीप, आजी आणि छोटू जिथे होते तिथेच राहतात. ज्या माणसाच्या कळण्यात कथेच्या दोन टोकांमध्ये फरक पडतो, त्याच्या डोळ्यांनी कथा सांगावी, असा माझा कल असतो, आणि तुमच्या कथेत तर त्याला पर्यायच दिसत नाही.

आता प्रथमपुरुष की तृतीयपुरुष, हा प्रश्न घेऊ. फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये एक साधी फोड करून दिली, ती लिहिणाऱ्याला फार उपयोगी पडते : पाहतो कोण, आणि बोलतो कोण, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. डोळे सुनंदाचे ठरले. आवाज तिचाच ठेवायचा (‘मी चहा गाळत होते’), की तिच्या खांद्यामागे उभ्या असलेल्या निवेदकाचा (‘सुनंदा चहा गाळत होती’), एवढंच उरतं.

‘मी’मध्ये एक पेच आहे. ‘मी’ म्हणून सांगणारी सुनंदा एक नाही, दोन असतात. एक त्या सकाळी चहा गाळणारी, जिला काही ठाऊक नाही. दुसरी, सगळं घडून गेल्यावर ही गोष्ट सांगायला बसलेली, जिला शेवट ठाऊक आहे. ही दुसरी सुनंदा दहा पानं गप्प का बसते? वाचक हे तुम्हाला विचारणार नाही, पण त्याला ते खटकेल. यातून वाट आहे. शेवटची ओळ उचला आणि अगदी वर आणा : ‘सासूबाईंना सगळं ठाऊक होतं, हे मला फार उशिरा कळलं.’ पुढे कथाभर वाचक आजीच्या प्रत्येक बोलण्याकडे सुनंदापेक्षा जास्त जागेपणानं पाहील. हा धाडसी रस्ता आहे आणि मला आवडतो. मात्र मग सुनंदा कोणाला सांगते आहे, आणि आत्ताच का, याचं उत्तर तुमच्यापाशी तयार हवं. आजी गेल्यानंतर? छोटू मोठा होऊन त्याच घरावरून विचारतो तेव्हा? हे कथेत लिहिलं नाही तरी तुम्हाला माहीत पाहिजे. त्याशिवाय आवाज ठरत नाही.

दुसरा रस्ता सुनंदाला चिकटून चालणाऱ्या तृतीयपुरुषाचा. इथे निवेदकाला पुढचं सांगायची सक्ती नसते. तो तिच्याबरोबर चालतो, तिला जेव्हा कळेल तेव्हाच आपल्याला कळेल. तुमच्या हातातला खर्डा याच्या जास्त जवळ आहे. म्हणून मी म्हणेन, हाच घ्या.

मग घसरतं कुठे? तुमचाच परिच्छेद पुन्हा वाचा आणि त्यात त्या म्हातारीला तुम्ही काय काय म्हटलं आहे तेवढंच पेन्सिलीनं अधोरेखित करा. आधी ‘आजी’. मग दिलीपपाशी आलात, तर ‘आई’. सुनंदापाशी, तर ‘सासूबाई’. छोटूपाशी पुन्हा ‘आजी’. शेवटी परत ‘आई’. एका परिच्छेदात चार मनं, आणि प्रत्येक मनात गेल्यावर तिचं नातं बदललं. क्रियापदं आणि सर्वनामंही पाहा : आजी ‘उदास आहे’, ‘तिला’ आठवण, सासूबाई मात्र ‘लावायच्या’, ‘त्यांनी’ विचारलं तर. मराठीत हे आपोआप होतं. आपण कोणाच्या मनात उभे आहोत, ते नात्याच्या शब्दातून आणि आदरार्थी अनेकवचनातून बाहेर पडतं. लिहिताना आपल्याला कळत नाही, पण वाचणाऱ्याला दर दोन ओळींनी खुर्ची बदलून बसावं लागतं. तुमची मैत्रीण म्हणते ते हेच.

ही खूण उलटीही वापरता येते. सुनंदाचे डोळे ठरले ना, मग पूर्ण कथेत ती म्हातारी ‘सासूबाई’च राहू द्या आणि ‘त्या’च राहू द्या. दिलीप ‘आई’ म्हणेल तो अवतरणचिन्हात, छोटू ‘आजी’ म्हणेल तोही अवतरणचिन्हात. खर्डा झाल्यावर ‘आजी’ आणि ‘आई’ हे शब्द शोधत एकदा पानं चाळा. निवेदनात कुठे सापडले, तर तिथे तुम्ही सुनंदाला सोडून पळालात असं समजा. सुनंदाला सोडायचं नाही, तसंच ‘ती घाबरली’ असं बाहेरून सांगायचीही गरज नाही. तिच्या मनातलं वाक्य ‘असे तिला वाटले’ची शेपटी न लावता सरळ लिहा; वाचकाला कळतं ते कोणाचं. तुमचाच प्रसंग मी असा लिहून पाहिला :

‘सुनंदानं चहाचं भांडं उतरवलं. बारा तारीख. महालात या सुमाराला बिल यायचं, मामंजींच्या नावाचं. सासूबाई चष्मा लावून आधी नाव वाचायच्या, मग आकडा, मग फाइल. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं होतं. या महिन्यात सुनंदा तयारीत होती. तिकडे मीटर बदलवून राहिले, म्हणून उशीर. पूजा आटोपून सासूबाई आल्या, खुर्चीवर टेकल्या, चहा बशीत ओतला. “आलं जास्त पडलं आज,” म्हणाल्या आणि प्यायल्या. दिलीपनं पेपरचं पान उलटलं, पुन्हा मागं आणलं. नाही विचारलं. चला, या महिन्याचं तर निभलं.’

यात ‘शल्य’ नाही, ‘अपराधी’ नाही, ‘उदास’ नाही. दिलीपचं लक्ष पेपरात नाही, हे त्याच्या मनात न जाता कळतं, कारण सुनंदाला त्याचे हात दिसतात. आणि मुख्य म्हणजे, आजीनं बिलाचं विचारलं नाही हे सुनंदाला दिसतं, पण तिला त्याचा अर्थ चुकीचा लागतो. तिला वाटतं, निभलं. वाचकाच्या मनात पाल चुकचुकते : दर महिन्याला नाव वाचणारी बाई या महिन्यात विचारत का नाही? सुनंदाच्या पुढे वाचक अर्धं पाऊल आहे. हे अर्धं पाऊल कथाभर टिकवायचं, आणि त्यासाठी आजीच्या मनाचं दार बंदच हवं.

शेवटालाही हेच. ‘आजीला सारे ठाऊक होते’ ही ओळ काढा. ती बोलतो कोण? सुनंदा नाही, दिलीप नाही. ती लेखिका मधेच येऊन बोलते. त्याऐवजी सुनंदाला काहीतरी दिसू द्या. उदाहरणार्थ, किल्ल्या. महालातल्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा आजीनं जपून आणलेला असणारच. मारबतीच्या सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसते, चपला घालते, दिलीप गाडी काढायला खाली जातो आणि लिफ्टपाशी येऊन ती म्हणते, पाय दुखते. सुनंदा तिला हात धरून आत आणते तेव्हा जुडगा देवघराच्या खिळ्याला सकाळपासून तसाच आहे. घरी निघालेली बाई किल्ल्या घेतल्याशिवाय निघेल? सुनंदाला कळलं, वाचकालाही कळलं. तिला जायचंच नव्हतं. आता तुमच्या कथेपुढे एक नवाच प्रश्न उभा राहतो, आणि तो तुमच्या आधीच्या शेवटापेक्षा मोठा आहे : खालून दिलीप हॉर्न वाजवतो आहे, सुनंदा त्याला काय सांगणार? ते तुम्ही ठरवा. टीव्हीवर ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ सुरू असेल, त्याचा फार वापर करू नका. एकदा ऐकू आलं तरी पुरे.

सगळ्यांच्या मनातलं सांगायचंच नाही का, असं तुम्ही विचारलंत. सांगता येतं. सर्वसाक्षी निवेदक ही आपल्याकडची जुनी, भक्कम रीत आहे. कीर्तनकार बुवा पाहा. द्रौपदीच्या मनातलं सांगतात, लगेच कृष्णाच्या मनातलं, मधेच दुःशासनाला दोन शब्द सुनावतात. कोणाला गोंधळ होत नाही, कारण आख्यानभर आपण बुवांसोबत असतो. त्यांचा आवाज, त्यांचं मत, त्यांची लय कुठेच तुटत नाही. सर्वसाक्षी निवेदन हवं असेल, तर असा आवाज घडवावा लागतो, ज्याला या घराबद्दल स्वतःचं काही म्हणायचं आहे. तुमच्या परिच्छेदात चार मनं आहेत, पण बुवा नाहीत. म्हणून ते सर्वसाक्षी होत नाही, नुसतं उड्या मारणं होतं. आणि तुमच्या कथेला ती रीत तशीही सोसणार नाही : सगळ्यांच्या मनात जाणारा निवेदक आजीच्याच मनात का जात नाही, हे लपवणार कसं?

निवेदक बदलायचेच असतील तर मोठ्या लेखनात बदला, आणि प्रत्येकाला सांगण्याचं कारण द्या. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं आपली बाजू मांडतात. तिघांचा संसार एकच, पण तीन वकिलांनी मांडावा तसा तो तीनदा वेगळा दिसतो, म्हणून तिघं लागतात. आणि ज्यांना बोलू दिलं नाही त्यांच्याकडेही लक्ष द्या. कच त्या कादंबरीत इतका महत्त्वाचा, पण निवेदन त्याच्याकडे नाही. तो आपल्याला या तिघांच्या डोळ्यांतूनच दिसतो, आणि म्हणूनच त्याची उंची राहते. तुमच्या कथेत ती जागा आजीची आहे. दहा-बारा पानांच्या कथेत एकापेक्षा जास्त निवेदक घेऊ नका, एवढंच सांगते. ‘तू’ला उद्देशून लिहिणं, किंवा अख्ख्या गल्लीनं ‘आम्ही’ म्हणून सांगणं, हेही प्रकार आहेत. या कथेला त्यांची गरज नाही.

आता रजिस्ट्रीचा प्रसंग. तुम्हाला तो प्रिय आहे हे पत्रात दोनदा जाणवलं. ऑफिसातली गर्दी, दिलीपची सही, घेणाऱ्याचं हसणं, हे सगळं सुनंदा तिथे नसल्यामुळे जाईल, हे खरं. जाऊ द्या. त्याऐवजी दिलीप घरी येतो ते लिहा. मे महिना, पारा ४५ च्या वर, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, बगलेत फाइल. सुनंदा दार उघडते. तो काही न बोलता कूलरसमोर जाऊन बसतो. बराच वेळ बसतो. कूलर बंद आहे. टाकीत सकाळीच पाणी भरलेलं आहे, बटण हाताशी आहे, तरी त्यानं लावलेला नाही. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहते. सहीचा प्रसंग तुम्ही ऑफिसात उभं राहून लिहिला असतात तर तुम्हाला दिलीपच्या मनातलं सांगावं लागलं असतं. इथे सांगावंच लागत नाही. कधीकधी ज्या खोलीत आपला माणूस नाही, त्या खोलीतलं सगळं तिथून बाहेर आलेल्या माणसाच्या अंगावर दिसतं. निवेदकाला बंधन घातलं की अशा वाटा सापडतात; मोकाट सोडलं की सापडत नाहीत.

आणि जे सुनंदानं पाहिलं नाही पण ऐकलं आहे, त्यासाठी ‘म्हणे’ आहे. ‘घेणारा अमरावती रोडकडचा, तिथे गाळे काढणार म्हणे.’ एका शब्दात कळतं की ही बातमी दुसऱ्याच्या तोंडून आली आहे, खरी असेल-नसेल. ‘असावा’, ‘वाटलं’, ‘दिसलं’ हेही असेच कामाचे. ‘दिलीपला वाईट वाटत होतं’ हे सुनंदा ठामपणे सांगू शकत नाही. ‘दिलीपला वाईट वाटत असावं’ म्हणू शकते. त्याहून चांगलं म्हणजे, ते न म्हणता कूलर दाखवू शकते.

सासरच्यांची भीती. ताई, ‘मी’ काढून ‘सुनंदा’ केल्यानं ती भीती जात नाही. ज्याला आपलं घर ओळखायचं आहे तो वीजबिलावरून ओळखेल. आणि ‘मी’ लिहिलं म्हणजे ते लेखिकेचंच असतं, हेही खरं नाही. हरी नारायण आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’मध्ये यमूला स्वतःची हकीकत स्वतः सांगायला लावली, ती एकोणिसाव्या शतकात, आणि लिहिणारा पुरुष. कथेतला ‘मी’ घडवावा लागतो. तुम्ही तृतीयपुरुष घ्या असं मी म्हणाले ते कथेला तो जास्त शोभतो म्हणून. नातेवाइकांना घाबरून घेऊ नका. भीतीनं निवडलेला निवेदक लपाछपी खेळत राहतो आणि सुनंदाला जे सर्वांत जास्त लागलं, नेमकं तेच सांगायचं टाळतो. भीती फारच असेल तर तपशील बदला. घर महालाऐवजी इतवारीत न्या, तिथेही मारबत आहेच. बिलाऐवजी दुसरं काही शोधा. पण सुनंदाला बोलू द्या.

राहिली बोली. तुमचा खर्डा ‘केले, होते, नव्हते’ या लेखी वळणाचा आहे. ते चूक नाही, पण त्यानं निवेदक सुनंदापासून चार हात लांब उभा राहतो. तिच्या इतकं जवळ बसायचं असेल, तर ‘केलं, होतं, नव्हतं’ असं बोलीकडचं वळण घ्या. कुठलंही एक घ्या आणि शेवटपर्यंत ठेवा.

संवादात नागपुरी मनसोक्त येऊ द्या, पण खरी येऊ द्या. महालात वाढलेल्या, शिकलेल्या घरात ‘काय करून राहिली?’, ‘बदलवून घेतलं’, ‘येऊन जाईल ना’ हे चोवीस तास ऐकू येतं. ‘मले’, ‘तुले’ प्रत्येक वाक्यात येईलच असं नाही, ते त्या माणसाच्या गावावर, घरावर अवलंबून आहे. नागपूरचं वाटावं म्हणून ते पेरू नका. आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती तुमच्या खर्ड्यातही आहे : दिलीप आणि सुनंदा पुस्तकी बोलतात, आणि आजी, दूधवाला, ऑटोवाला तेवढे नागपुरी. याचा अर्थ तुमचा निवेदक कोणाला आपलं मानतो आणि कोणाला गंमत म्हणून दाखवतो, ते उघड होतं. सगळे एकाच शहरातले आहेत. सगळ्यांना तेच बोलू द्या, दिलीपला पण. पुढे कधी ‘मी’ची कथा लिहाल आणि ती सांगणारी आपल्याकडची बाई असेल, तर तिला ‘मी गेली’, ‘मी आली’ म्हणू द्या; निवेदनातसुद्धा. मुद्रितशोधनात कोणी ‘गेले’, ‘आले’ केलं, तर ते परत बदलायला सांगा.

तसंच आजीचं ते वाक्य. ‘पाय दुखते’ असं तुम्ही लिहिलं आहे, ते तसंच राहू द्या. संपादकांनी ‘पाय दुखतायत’ सुचवलं तरी बदलू देऊ नका.